सिंधूचे नाव कुठवर गेले

सिंधू नदी महाराष्ट्रातून वाहत नाही आणि तिची एकही उपनदी आपल्या सह्याद्रीत उगम पावत नाही. कैलास-मानसरोवराच्या परिसरात निघून, तिबेट आणि लडाख ओलांडून, काराकोरमच्या कुशीतून वळसा घालत ती पंजाब आणि सिंधच्या मैदानात उतरते आणि तीन हजार किलोमीटरहून अधिक प्रवास करून कराचीच्या दक्षिणेला अरबी समुद्राला मिळते. तरीही मराठी घरात या नदीचे नाव किती ठिकाणी बसले आहे, हे मोजू लागल्यावर मला आश्चर्य वाटले. स्नानाच्या वेळी तांब्यातल्या पाण्यात ज्या सात नद्यांना आवाहन केले जाते, त्यांत गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा आणि कावेरी यांच्याबरोबर सिंधूही असते. आजीच्या पिढीत गंगू, यमू, गोदू यांच्या जोडीला एखादी सिंधू हमखास असे. उपवासाच्या पदार्थांत साधे मीठ न घालता जे शेंदेलोण घालतात, ते तर नावासकट सिंधूकाठचेच आहे.

शेंदेलोण म्हणजे सैंधव लवण, सिंधू देशातले मीठ. सिंधू आणि झेलम यांच्या दरम्यानच्या मिठाच्या डोंगररांगेत, खेवड्याच्या खाणीतून ते आजही निघते. संस्कृतात ‘सैंधव’ म्हणजे मीठ आणि सैंधव म्हणजे घोडाही, कारण त्या प्रदेशातले दोन्ही जिन्नस नावाजलेले होते. शब्दाचा अर्थ प्रसंगावरून कसा ठरतो हे समजावताना जुने शास्त्रकार हेच उदाहरण देत असत: जेवणाच्या पानावरून ‘सैंधव आण’ म्हटले तर मीठ आणायचे आणि प्रवासाला निघताना म्हटले तर घोडा. महाभारतात जयद्रथालाही सैंधव म्हणतात, कारण तो सिंधू देशाचा राजा. एका नदीच्या नावाने मीठ, घोडा आणि राजा असे तिघे ओळखले जात होते, आणि हे सारे नाव अजून उपखंडाबाहेर पडण्यापूर्वीचे आहे.

मुळात सिंधू हे विशेषनाम नव्हतेच. वेदांच्या भाषेत सिंधू म्हणजे वाहता प्रवाह, नदी. सप्तसिंधू म्हणजे सात नद्या. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नदीसूक्तात गंगेपासून पश्चिमेकडच्या नद्यांपर्यंत अनेक नावे येतात, परंतु खरी स्तुती एकीचीच आहे: उत्तम घोड्यांची, उत्तम रथांची, सोन्याची आणि लोकरीची सिंधू. सगळ्या प्रवाहांत जो सर्वांत मोठा, त्यालाच लोक नुसते ‘नदी’ म्हणू लागले आणि ते सामान्यनामच त्याचे नाव होऊन बसले. पुढे संस्कृतात सिंधू म्हणजे समुद्र असाही अर्थ रुळला. मालवणच्या समुद्रात १६६४ साली ज्याच्या बांधकामाला सुरुवात झाली, त्या सिंधुदुर्गाच्या नावात हा समुद्र आहे, आणि १९८१ साली रत्नागिरीतून वेगळ्या झालेल्या जिल्ह्याला तेच नाव मिळाले. भारतीय नौदलाने सिंधुघोष, सिंधुराज, सिंधुवीर या पाणबुड्यांना दिलेली नावेही समुद्रावरूनच आहेत. उत्तरेकडच्या नदीशी त्यांचा संबंध शब्दाच्या मुळापुरता.

काठावरच्या लोकांनी मात्र या नदीला वेगवेगळी नावे दिली. तिबेटी भाषेत तिला सिंहमुखातून निघालेली म्हणतात. पश्तू बोलणारे तिला अबासीन, म्हणजे नद्यांचा पिता, म्हणतात. सिंधमध्ये ती मेहराण आहे, नाहीतर नुसतीच दर्या. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत विलक्षण वाटते ते हेच: सिंधू हे नाव जगभर नेले ते मुख्यतः तिच्यापासून दूर राहणाऱ्यांनी, आणि जितके अंतर अधिक, तितका त्या नावाचा पसारा मोठा.

सुरुवात इराणी शेजाऱ्यांपासून झाली. त्यांच्या भाषेत आपल्या ‘स’च्या जागी ‘ह’ येतो, म्हणून सप्तसिंधू तिकडे अवेस्ता या पारशी धर्मग्रंथात ‘हप्त हेंदु’ होतात. इ.स.पू. ५२२ ते ४८६ या काळात राज्य करणाऱ्या दारयवहू सम्राटाच्या शिलालेखांत त्याच्या साम्राज्याच्या पूर्व टोकाचा प्रांत ‘हिंदुश’ म्हणून नोंदलेला आहे. नदीचे नाव प्रांताला लागले, ही पहिली मोठी उडी. याच दारयवहूने स्कायलॅक्स नावाच्या दर्यावर्दीला सिंधूतून खाली समुद्रापर्यंत पाठवले, असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो. आशिया मायनरच्या किनाऱ्यावरच्या ग्रीकांच्या बोलीत ‘ह’चा उच्चार गळून पडला होता, त्यामुळे नदी ‘इंडोस’ झाली आणि तिच्या पलीकडची सारी भूमी ‘इंडिके’. लॅटिनने त्याचे ‘इंडिया’ केले. हिब्रू धर्मग्रंथातील एस्तेरच्या कथेत राजाचे राज्य ‘होदू’पासून सुरू होते, ते होदू म्हणजे हेच हिंदुश. सातव्या शतकात चिनी प्रवासी ह्युएन त्संग आला, जो चालुक्य पुलकेशीच्या महाराष्ट्रातही येऊन गेला. त्याने या देशासाठी चिनी भाषेतली आधीची नावे बाजूला ठेवून ‘यिन्-तू’ हे रूप पसंत केले आणि त्याचा अर्थ चंद्र असा लावला. इंदू आणि सिंधू यांची ही गल्लत झाली असली, तरी चिनी भाषेत आजही भारताचे नाव तेच आहे. अरबांनी नदीच्या खालच्या खोऱ्याला सिंद आणि त्यापलीकडच्या देशाला हिंद म्हटले, म्हणजे एकाच नदीच्या नावाची दोन रूपे दोन शेजारी प्रदेशांना मिळाली.

अरबांनंतर नावाची गाडी वस्तूंकडे वळते, आणि इथे ते चुकीच्या अंदाजावर स्वार होऊन धावलेले दिसते. चिंच मुळात आफ्रिकेतली, पण आपल्याकडे ती इतकी रुजली की अरबी व्यापाऱ्यांनी तिला ‘तमर हिंदी’, म्हणजे हिंदचा खजूर, म्हटले. त्यापासूनच इंग्रजीतला ‘टॅमरिंड’ आला. कलिंगडही आफ्रिकेतलेच, पण स्पेनमधल्या अरबांकडे ते ‘सिंदी’ म्हणून पोहोचले आणि स्पॅनिश भाषेत कलिंगडाला आजही ‘सांदिया’ म्हणतात. टर्की हा पक्षी तर अमेरिकेतला. त्याला तुर्की भाषेत ‘हिंदी’ म्हणतात, फ्रेंचमध्ये ‘दँद’, म्हणजे हिंदचा, पोलिश भाषेत ‘इंडिक’ आणि हिब्रूत पुन्हा ‘होदू’. एस्तेरच्या कथेतला दारयवहूचा प्रांत आणि मेजवानीच्या ताटातला पक्षी एकाच शब्दाने ओळखले जातात. (डच लोकांनी त्या पक्ष्याचे मूळ कालिकतला नेऊन ठेवले, पण तो वेगळा विषय आहे.)

टर्कीच्या नावामागची चूक अर्थातच कोलंबसाच्या काळातली. १२ ऑक्टोबर १४९२ रोजी तो बहामा बेटांवर उतरला आणि आपण इंडीजच्या दाराशी पोहोचलो अशी त्याची खात्री झाली. त्या एका समजुतीने दोन खंडांतले मूळ रहिवासी ‘इंडियन’ झाले आणि कॅरिबियन बेटे ‘वेस्ट इंडीज’ झाली. पुढे अमेरिकेतल्या वसाहतकऱ्यांनी ज्यांची जमीन घेतली, त्यांच्याच नावाने एका भूभागाला ‘इंडियाना’ म्हटले; १८०० साली तो स्वतंत्र प्रदेश झाला आणि १८१६ साली राज्य. त्याच्या नव्या राजधानीसाठी नाव शोधताना ग्रीक ‘पोलिस’, म्हणजे नगर, हा शब्द मागे जोडला गेला आणि ‘इंडियानापोलिस’ तयार झाले. तिबेटातून निघालेल्या नदीच्या संस्कृत नावावर इराणी, ग्रीक आणि लॅटिन संस्कार होऊन, एका दर्यावर्दीच्या गैरसमजावरून समुद्र ओलांडून ते ओहायो नदीच्या उत्तरेच्या सपाट प्रदेशात रुजले.

त्या शहराच्या नावाने अमेरिकी नौदलाची एक क्रूझर होती, १९३२ साली सेवेत आलेली. २६ जुलै १९४५ रोजी तिने पॅसिफिकमधल्या टिनियन बेटावर जे सामान उतरवले, ते हिरोशिमावर टाकल्या गेलेल्या अणुबॉम्बचे भाग होते. चारच दिवसांनी, ३० जुलैच्या मध्यरात्रीनंतर, जपानी पाणबुडीच्या पाणतीरांनी ती फुटली आणि अवघ्या बारा मिनिटांत बुडाली. जहाजावर ११९५ माणसे होती. त्यांपैकी सुमारे तीनशे जहाजाबरोबरच गेली. उरलेली चार दिवस उघड्या समुद्रात तरंगत राहिली, कारण जहाज बेपत्ता झाल्याची दखलच कोणी घेतली नव्हती. शेवटी ३१६ जण वाचले. जहाजाचे अवशेष २०१७ साली सुमारे साडेपाच हजार मीटर खोलीवर सापडले. या माणसांच्या हालअपेष्टांशी सिंधूचा काहीही संबंध नाही, हे मला कळते. तरीही त्या जहाजाचे नाव वाचताना त्यातली ‘इंद’ ही दोन अक्षरे मला आता निराळी ऐकू येतात, आणि नाव किती टप्प्यांनी कुठे जाऊन पोहोचते याचे यापेक्षा दूरचे उदाहरण मला माहीत नाही.

जवळचे उदाहरण मात्र बहुतेकांच्या हातातच आहे. हिंदुस्थानातून येणाऱ्या निळीला ग्रीक लोक ‘इंडिकॉन’, म्हणजे हिंदची वस्तू, म्हणत. तोच शब्द लॅटिनमधून स्पॅनिश-पोर्तुगीजांकडे जाऊन ‘इंडिगो’ झाला. न्यूटनने प्रकाशाचे सात रंग सांगितले, त्यांत निळा आणि जांभळा यांच्यामध्ये हा इंडिगो बसवला, त्यामुळे मालाचे नाव रंगाचे नाव झाले. मग १८६३ साली जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या खाणकाम विद्यालयात फर्डिनांड राइश हे प्राध्यापक जस्ताच्या खनिजात नुकत्याच सापडलेल्या थॅलियम धातूचा शोध घेत होते. राइश यांना रंग ओळखता येत नसत, म्हणून वर्णपट पाहण्याचे काम त्यांनी सहायक थिओडोर रिश्टर यांच्याकडे सोपवले. रिश्टर यांना थॅलियमची हिरवी रेषा दिसली नाही. दिसली ती कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी न जुळणारी, इंडिगो रंगाची एक झळझळीत रेषा. त्या रंगावरून नव्या मूलद्रव्याचे नाव ‘इंडियम’ ठेवले गेले. आवर्तसारणीत त्याचा क्रमांक ४९ आहे. आपल्याकडच्या रसायनशास्त्राच्या वर्गांत इंडियम हे इंडियावरून आलेले नाव असे सांगितले जाते, ते अर्धेच खरे आहे. मध्ये नीळ आहे आणि नीळ विसरली तर त्या जर्मन प्रयोगशाळेतली ती रेषाही विसरली जाते. इंडियम ऑक्साइडमध्ये थोडे कथील मिसळून केलेला पातळ थर पारदर्शक असूनही विजेचा वाहक असतो, आणि स्पर्शाने चालणाऱ्या पडद्यांत तोच वापरला जातो. मोबाइलवर बोट फिरवताना आपण ज्या थरावरून ते फिरवतो, त्याच्या नावाच्या तळाशी सिंधू आहे.

आकाशातही ती आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस डच दर्यावर्द्यांनी दक्षिण गोलार्धातल्या ताऱ्यांच्या नोंदी केल्या आणि प्लांसियस या नकाशाकाराने त्यांवरून नवे तारकासमूह आखले. त्यांतल्या एकाचे नाव ‘इंडस’, म्हणजे इंडियन माणूस. नदीच्या युरोपीय नावाशी ते अक्षरशः जुळते. महाराष्ट्रातून तो समूह दक्षिण क्षितिजाजवळ, फार उंच न येता दिसतो. त्यातला एप्सिलॉन हा तारा आपल्यापासून केवळ बारा प्रकाशवर्षांवर आहे.

थेट नदीवरून नाव ठेवलेल्या जहाजांकडे वळले की गोष्ट आपल्या इतिहासाशी येऊन भिडते, आणि या भागात मी सर्वांत जास्त रमलो. ब्रिटिश अमदानीत रॉयल इंडियन नेव्हीने आपल्या लहान युद्धनौकांना, ज्यांना स्लूप म्हणत, नद्यांची नावे देण्याची पद्धत पाडली होती. त्यांतली ‘इंडस’ ६ एप्रिल १९४२ रोजी ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावर अक्याबजवळ जपानी विमानांच्या बॉम्बहल्ल्यात बुडाली. युद्धकाळात ब्रिटनमध्ये बांधून आलेल्या सहा नव्या स्लूप होत्या: सतलज, जमना, कृष्णा, कावेरी, नर्मदा आणि गोदावरी. (इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे त्यांची नावे ‘किस्टना’, ‘नरबदा’ अशी वाचली जात.) फाळणी झाली तेव्हा पलटणी, तोफा, कचेरीतली टेबले यांच्याबरोबर जहाजांचीही वाटणी झाली. पहिल्या चार भारताकडे राहिल्या आणि नर्मदा व गोदावरी पाकिस्तानला मिळाल्या. पाकिस्तानने त्यांची नावे बदलली: नर्मदेची ‘झेलम’ झाली आणि गोदावरीची ‘सिंद’. नाशिकच्या त्र्यंबकेश्वरी उगम पावणाऱ्या नदीचे नाव असलेले जहाज सिंधूच्या प्रांताचे नाव घेऊन कराचीला गेले. ज्या सतलजचे पाणी पुढे दोन देशांत वाटावे लागले, तिच्या नावाचे जहाज भारताकडे होते. वाटणी करणाऱ्यांनी नावांचा विचार केला नसणार, टनभार आणि तोफा मोजल्या असणार. पण नाव बदलण्याची गरज नव्या मालकांना तत्काळ वाटली, आणि ती मला समजण्यासारखी वाटते, कारण जहाजाचे नाव ही त्या देशाची भूगोलावरची सही असते. भारतानेही गोदावरीचे नाव सोडले नाही. १९५३ मध्ये ब्रिटनकडून घेतलेल्या एका विनाशिकेला ते दिले गेले, आणि १९८३ मध्ये मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या फ्रिगेटला पुन्हा. त्या फ्रिगेटच्या बरोबरीने गंगा आणि गोमती आल्या. ती गोदावरी डिसेंबर २०१५ मध्ये निवृत्त झाली. तिकडे पाकिस्तानने सिंधूचे सिंधी नाव उचलले: कराचीतल्या नौदलाच्या विमानतळाचे नाव मेहराण आहे, आणि आपल्या मारुती ८०० च्याच घराण्यातली जी छोटी मोटार तिथे १९८९ ते २०१९ अशी तीस वर्षे तयार होत होती, तिचेही नाव मेहराणच होते.

पुराणवस्तुशास्त्रानेही या नदीचे नाव उचलून दूरवर नेले. हडप्पा आणि मोहेंजोदडोच्या उत्खननांनंतर १९२४ साली जॉन मार्शल यांनी नव्या संस्कृतीची घोषणा केली आणि ती सिंधू संस्कृती म्हणून ओळखली जाऊ लागली. नंतर लोथल, धोलावीरा, राखीगढी अशी स्थळे मिळत गेली, जी सिंधूपासून कितीतरी लांब आहेत, म्हणून बरेच अभ्यासक हडप्पा संस्कृती हेच नाव पसंत करतात. पण शाळेच्या पुस्तकातले नाव सहजी जात नाही, आणि ते आपल्या अंगणापर्यंत येऊन पोहोचले आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबादला उत्तर-हडप्पाकालीन थर सापडले. १९७४ साली तिथेच जमिनीतून कांस्याचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस बाहेर आली. प्रवरा ही गोदावरीची उपनदी, तरी तिच्या काठच्या वस्तूंची ओळख आपण सिंधूच्या नावाने करून देतो.

आणि सिंधूच्या नावाची माणसे तर आपल्यात राहतातच. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या हजारो कुटुंबांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत जागा मिळाली. १९४९ साली त्या वसाहतीचे नाव उल्हासनगर झाले; जवळून वाहणाऱ्या नदीचे नावही उल्हासच. एका नदीवरून ज्यांना सिंधी म्हणतात, त्यांचे नवे गाव दुसऱ्या नदीच्या खोऱ्यात तिच्याच नावाने उभे राहिले. पुण्याजवळ पिंपरीतही अशीच छावणी होती. या समाजाचा देव झूलेलाल हा सिंधूचाच देव. तो पल्ला माशावर बसलेला असतो, आणि हा मासा समुद्रातून सिंधूच्या प्रवाहाविरुद्ध वर चढत जातो. गुढीपाडव्याच्या आगेमागे येणाऱ्या चेटीचंडला पिठाचा दिवा, खडीसाखर, वेलदोडे, फळे आणि कलश असा बहराणा सजवून, वाजतगाजत नेऊन जवळच्या पाण्यात सोडतात. सिंधमध्ये तो सिंधूत सुटत असे. इथे जी नदी, जो तलाव किंवा जी खाडी हाताशी असेल, तिच्यात.

सिंधी भाषेचा समावेश १९६७ साली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत झाला. त्या भाषेला भारतात स्वतःचे राज्य नाही. ती अरबी वळणाच्या लिपीत लिहावी की देवनागरीत, हा वाद घरांत आणि शाळांत अनेक वर्षे चालला आणि दोन्ही लिप्यांत पुस्तके निघत राहिली. उल्हासनगरच्या नव्या पिढीतली बरीच मुले हिंदी आणि इंग्रजीत शिकतात, बाजारात मराठी बोलतात आणि सिंधी घरात ऐकतात. त्यामुळे ज्यांना ही भाषा लिहिता-वाचता येते अशा वडीलधाऱ्यांनी ती नातवंडांना देवनागरीत का होईना, पण आताच शिकवायला हवी असे मला मनापासून वाटते.